स्वतःचा प्रश्न, स्वतःचे उत्तर : विद्यापीठाच्या उंबरठ्यावरचे संशोधन

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा झाली, की विद्यापीठात जाऊ इच्छिणारे बहुसंख्य विद्यार्थी दोन वर्षे ‘सिक्स्थ फॉर्म’मध्ये शिकतात. महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या वयाचा हा टप्पा आहे. या काळात विद्यार्थी साधारणपणे तीन विषय निवडून ‘ए-लेव्हल’ची तयारी करतात. त्याच्या जोडीला अनेक जण आणखी एक काम हाती घेतात. स्वतः निवडलेल्या एका प्रश्नावर ते कित्येक महिने संशोधन करतात आणि त्याचा अहवाल लिहून तो लोकांसमोर मांडतात. या कामाची सर्वांत रूढ चौकट म्हणजे ‘एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन’. विद्यार्थी आणि शिक्षक तिला ‘ईपीक्यू’ म्हणतात. तिला नेमलेले पाठ्यपुस्तक नाही आणि प्रश्नपत्रिकाही नाही. प्रश्न विद्यार्थ्यानेच शोधायचा आणि उत्तरही त्यानेच मिळवायचे.

उगम

२००३ मध्ये ब्रिटिश सरकारने माइक टॉमलिन्सन यांच्या अध्यक्षतेखाली १४ ते १९ वयोगटाच्या शिक्षणाचा फेरविचार करण्यासाठी एक कार्यगट नेमला. त्याचा अंतिम अहवाल ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जीसीएसई आणि ए-लेव्हल यांना सामावून घेणारी एकच पदविका असावी, ही त्यातील मुख्य शिफारस होती. प्रत्येक विद्यार्थ्याने एक दीर्घ प्रकल्प करावा, अशीही सूचना त्यात होती. फेब्रुवारी २००५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने एकत्रित पदविकेची कल्पना बाजूला ठेवली, पण दीर्घ प्रकल्प स्वीकारला. २००६ पासून काही शाळांत त्याचा प्रायोगिक वापर झाला आणि सप्टेंबर २००८ पासून तो सर्वत्र उपलब्ध झाला.

या सूचनेमागे विद्यापीठांचा अनुभव होता. ए-लेव्हलमध्ये उत्तम श्रेणी मिळवून आलेले विद्यार्थी पहिल्या वर्षी अडखळत. नेमलेल्या धड्यांवरच्या प्रश्नांची उत्तरे ते चांगली लिहीत, पण ग्रंथालयात जाऊन स्वतः वाचन ठरवणे, परस्परविरोधी मते तोलणे आणि आठवड्यांचे नियोजन करणे त्यांना जड जाई. इंग्लंडच्या विद्यापीठांत, विशेषतः मानव्यविद्यांच्या अभ्यासक्रमांत, व्याख्यानांचे तास थोडे असतात आणि स्वाध्यायाचा काळ मोठा असतो. शेवटच्या वर्षी बहुतेकांना प्रबंधिका लिहावी लागते. या सगळ्याची तालीम शाळेतच व्हावी, हा प्रकल्पाचा उद्देश आहे.

स्वरूप आणि गुणांकन

ईपीक्यू अनेक परीक्षा मंडळांमार्फत करता येते. एक्यूए, पिअर्सन आणि ओसीआर ही त्यांतील मोठी मंडळे आहेत. वजनाने ही पात्रता अर्ध्या ए-लेव्हलइतकी आहे. श्रेणी ‘ए-स्टार’पासून ‘ई’पर्यंत असतात. विद्यापीठ प्रवेशाच्या यूकास गुणपद्धतीत ए-लेव्हलच्या ए-स्टारला ५६ गुण आहेत, तर ईपीक्यूच्या ए-स्टारला २८. कामासाठी एकूण १२० तास धरलेले असतात. एक्यूएच्या आराखड्यात त्यांपैकी सुमारे ३० तास संशोधनाची कौशल्ये शिकवण्यासाठी असतात आणि उरलेले ९० तास विद्यार्थ्याच्या स्वतंत्र कामासाठी.

प्रकल्प दोन मुख्य रूपांत करता येतो. पहिले रूप म्हणजे सुमारे ५,००० शब्दांचा लेखी अहवाल. दुसरे म्हणजे एखादी निर्मिती : यंत्र, संगणक प्रणाली, लघुपट, वस्त्र, नाट्यप्रयोग किंवा संगीतरचना. निर्मितीसोबतही छोटा लेखी अहवाल द्यावा लागतो, आणि निर्मितीआधी कोणते संशोधन केले ते त्यात दाखवावे लागते. विषय ए-लेव्हलच्या अभ्यासक्रमाबाहेरचा किंवा त्याच्या पुढे जाणारा असावा, अशी अट आहे. विद्यार्थी प्रस्ताव लिहितो आणि शाळेने तो मंजूर केल्यावरच काम सुरू होते.

गुणांची विभागणी पाहिली की या पात्रतेचा कल स्पष्ट होतो. एक्यूएच्या पद्धतीत ५० पैकी १० गुण प्रकल्पाच्या नियोजनाला, १० गुण साधनांच्या वापराला, २० गुण प्रत्यक्ष विकासाला आणि फलिताला, तर १० गुण आत्मपरीक्षणाला आहेत. अहवाल कितीही देखणा असला तरी तो कसा घडला याचा पुरावा नसेल, तर वरची श्रेणी मिळत नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थी एक कार्यनोंदवही ठेवतो. मूळ प्रस्ताव, आराखडा, मधल्या टप्प्यावरचा आढावा, बदललेले निर्णय आणि बदलाची कारणे तिच्यात येतात. ठरवलेली प्रयोगपद्धत फसली आणि विद्यार्थ्याने कारण शोधून दुसरी स्वीकारली, तर ती नोंद त्याच्या बाजूने जाते. गुण शाळेतील मार्गदर्शक देतो आणि परीक्षा मंडळ नमुने मागवून ते पडताळते.

बऱ्याच शाळांत काम सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुख्य वाचन होते आणि दुसऱ्या वर्षाच्या शरद ऋतूत लेखन पूर्ण होते. विद्यापीठाचे अर्जही याच सुमारास भरायचे असतात, त्यामुळे वेळेचे भान हा या प्रकल्पाचा पहिला धडा ठरतो.

विषयापासून प्रश्नापर्यंत

प्रकल्पाचे यश बव्हंशी प्रश्नाच्या निवडीवर ठरते. सुरुवातीला विद्यार्थ्याकडे विषय असतो, प्रश्न नसतो. ‘हवामानबदल’, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’, ‘महायुद्ध’ हे विषय आहेत. त्यांवर ५,००० शब्द लिहिले तर विश्वकोशातील नोंदीचा सारांश तयार होतो. संशोधनाला असा प्रश्न लागतो, ज्याचे उत्तर आधीच ठरलेले नसते आणि उपलब्ध वेळेत, उपलब्ध साधनांनी देता येते.

एक उदाहरण घेऊन ही वाट पाहता येईल. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला वैद्यकाचा इतिहास आवडतो. तिचा पहिला विषय ‘एकोणिसाव्या शतकातील साथी’. हा फार मोठा आहे. तिने जागा आणि रोग ठरवला, की तो ‘लंडनमधील कॉलरा’ होतो. अजूनही हा विषयच आहे. थोड्या वाचनानंतर तिला एक सर्वमान्य समजूत दिसते : १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या असह्य दुर्गंधीने संसदेचे कामकाज मुश्कील झाले, त्यानंतर अभियंता जोसेफ बाझलजेट यांनी भुयारी गटारांचे जाळे बांधले आणि शहरातून कॉलरा गेला. या समजुतीलाच प्रश्न विचारता येतो : ‘लंडनमधून कॉलरा हद्दपार होण्याचे श्रेय बाझलजेट यांच्या गटारांना कितपत द्यावे?’

या प्रश्नातील ‘कितपत’ला महत्त्व आहे. त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवून थांबता येत नाही, कारणे तोलावी लागतात. गटारांच्या बाजूचा पुरावा आहे आणि विरुद्ध बाजूचाही आहे. १८५२ च्या कायद्याने पाणीकंपन्यांना भरती-ओहोटीच्या टप्प्यातील थेम्सचे पाणी घेण्यास मनाई केली होती आणि पाणी गाळण्याचे बंधन घातले होते. ही सुधारणा गटारांच्या आधीची आहे. १८६६ मध्ये लंडनवर कॉलऱ्याची शेवटची मोठी साथ आली आणि तिने साडेपाच हजारांहून अधिक बळी घेतले. तिचा मुख्य तडाखा पूर्व लंडनला बसला. तिथे नवी गटारे पूर्ण झालेली नव्हती, आणि त्याच भागाला पाणी पुरवणाऱ्या ईस्ट लंडन कंपनीचे पाणीही दूषित होते. गटार अपुरे आणि पाणी घाण, अशी दोन्ही कारणे एकाच वस्तीत एकत्र आलेली दिसतात. त्यांतले कोणते किती जबाबदार, हे ठरवण्यासाठी विचार करावा लागतो आणि तिथूनच खरे संशोधन सुरू होते.

चांगल्या प्रश्नाच्या कसोट्या यावरून सांगता येतात. त्यावर मतभेदाला जागा असावी. त्यासाठी साधने मिळावीत. त्याचा आवाका ५,००० शब्दांत मावावा. आणि कित्येक महिने त्याच्या सहवासात राहण्याइतकी ओढ विद्यार्थ्याला असावी. शेवटची अट मोजता येत नाही, पण ती पुरी नसेल तर प्रकल्प अर्ध्यावर सुटण्याची भीती असते.

साधनांचा कस

साधने मिळवणे आज सोपे झाले आहे, ती पारखणे अवघड आहे. वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीला लंडनच्या वेलकम कलेक्शनने खुले केलेले आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल वाचता येतील. १८४८ ते १९७२ या काळातील हे अहवाल घरबसल्या पाहता येतात. ही मूळ साधने झाली. त्यांवर नंतरच्या इतिहासकारांनी लिहिलेली पुस्तके आणि लेख ही दुय्यम साधने. दोन्हींचा उपयोग वेगळा आणि दोन्हींतील धोकेही वेगळे. आरोग्य अधिकारी त्या काळच्या समजुतींच्या चौकटीत लिहीत होता. दुर्गंधीतून रोग पसरतो, असे तेव्हा अनेक तज्ज्ञ मानत आणि त्यांच्या नोंदींवर त्याची छाया आहे. उलट आजच्या लेखकाला पुढे काय घडले ते ठाऊक असते, म्हणून जुन्या माणसांचे निर्णय त्याला विनाकारण मूर्खपणाचे वाटू शकतात.

प्रसिद्ध कथांचीही पडताळणी करावी लागते. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाचा दांडा काढला गेला आणि साथ थांबली, असे सांगितले जाते. दांडा ८ सप्टेंबरला काढला गेला, तोवर साथ ओसरू लागली होती, आणि स्नो यांनी स्वतः ही शक्यता मान्य केली होती. त्यांचा अधिक बळकट पुरावा दक्षिण लंडनमधून आला. तिथे एकाच भागात दोन कंपन्या पाणी पुरवत. लँबेथ कंपनीने आपली पाणी उचलण्याची जागा थेम्सच्या वरच्या, स्वच्छ टप्प्यात नेली होती. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातील दूषित पाणीच देत होती. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले आणि लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे हे प्रमाण ३१५ आणि ३७ असे पडते. नुसत्या मृत्यूंच्या आकड्यांपेक्षा दर दहा हजार घरांमागचे प्रमाण का पाहावे, शेजारी राहणाऱ्या घरांची तुलना इतकी मोलाची का, हे ज्या विद्यार्थ्याला या उदाहरणातून उमगते, त्याला संख्याशास्त्राचा आणि साथरोगशास्त्राचा पाया उमगलेला असतो.

प्रत्येक साधनाबद्दल काही प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली जाते : हे कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी, कशाच्या आधारावर आणि त्याला दुजोरा कुठे मिळतो? उत्तरांची छोटी नोंद नोंदवहीत ठेवली जाते. साधनांच्या वापराचे १० गुण याच कामावर ठरतात. संदर्भसूचीची लांबी त्यात फारशी कामाला येत नाही.

स्वतः मिळवलेली माहिती

सर्वच प्रकल्प ग्रंथालयात होत नाहीत. विज्ञानाचा विद्यार्थी शाळेसमोरील रस्त्यावर हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड मोजू शकतो. त्यासाठी लागणाऱ्या छोट्या शोषक नळ्या स्वस्त असतात. त्या काही आठवडे खांबावर लावून ठेवायच्या आणि मग प्रयोगशाळेकडे पाठवायच्या. ब्रिटनमध्ये या वायूची वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. इथे सावधगिरीचा मुद्दा येतो. एका महिन्याचे मोजमाप आणि वर्षाची सरासरी यांची थेट तुलना करता येत नाही, कारण हिवाळ्यातील पातळी उन्हाळ्यातील पातळीहून वेगळी असते. अहवालात ही मर्यादा स्वच्छपणे सांगणारा विद्यार्थी परीक्षकाच्या नजरेत उंचावतो.

समाजशास्त्र किंवा मानसशास्त्राकडे वळणारे विद्यार्थी बहुधा प्रश्नावली काढतात. नवख्या संशोधकाला ती सोपी वाटते. ‘समाजमाध्यमांचा अभ्यासावर वाईट परिणाम होतो असे वाटते का?’ हा प्रश्न उत्तर सुचवतोच. मित्रांच्या गटात फिरवलेल्या प्रश्नावलीतून त्या गटापलीकडचे काहीच कळत नाही. म्हणून प्रश्नावली आधी चार-पाच जणांवर तपासून पाहावी, नमुना कसा निवडला ते लिहावे आणि निष्कर्षाचा आवाका नमुन्याइतकाच ठेवावा, असे शिकवले जाते. सहभागी व्यक्तींची संमती घेणे, त्यांची नावे गुप्त ठेवणे आणि लहान मुलांना सहभागी करून घेण्यापूर्वी किंवा दुःखद विषयांना हात घालण्यापूर्वी शाळेची परवानगी घेणे, या नैतिक अटी प्रत्येक प्रकल्पाला लागू असतात.

लेखन आणि प्रामाणिकपणा

अहवालाची रचना विद्यापीठातील निबंधासारखी असते : प्रश्न आणि त्याचे महत्त्व, आधीच्या अभ्यासांचा आढावा, पद्धत, पुरावा आणि त्याची चर्चा, निष्कर्ष, संदर्भ. आढावा लिहिताना नवशिके एकेका पुस्तकाचा गोषवारा ओळीने देतात. लेखकांची गाठ घालणे अधिक उपयोगी असते : कोण कोणाशी सहमत आहे, मतभेद नेमका कुठे आहे, आणि आपला प्रश्न त्या मतभेदात कुठे बसतो.

दुसऱ्याचा विचार वापरला तर त्याचा संदर्भ दिलाच पाहिजे. न दिल्यास ते वाङ्मयचौर्य ठरते आणि त्यातून पात्रताच रद्द होऊ शकते. मजकूर स्वतः लिहून देणाऱ्या संगणक प्रणाली आल्यापासून हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. ब्रिटनमधील परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेने २०२३ मध्ये याविषयी मार्गदर्शिका काढली. अशा प्रणालीचा वापर केला असेल तर तो नोंदवावा, आणि तिने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून सादर करणे हा गैरप्रकार समजावा, असे तिचे सूत्र आहे. कामाची पायरी-पायरीने ठेवलेली नोंदवही इथे संरक्षणाचे काम करते. ज्याने खरोखर विचार केला, त्याच्याकडे विचाराच्या खुणा असतात.

सादरीकरण आणि आत्मपरीक्षण

शेवटी विद्यार्थी आपले काम श्रोत्यांसमोर मांडतो. श्रोते त्या विषयाचे तज्ज्ञ नसावेत, अशी अपेक्षा असते. सामान्य माणसाला समजेल असे सांगता येणे ही विषय पचल्याची खूण मानली जाते. त्यानंतर प्रश्नोत्तरे होतात. वाचून दाखवलेल्या चकचकीत पडद्यांपेक्षा एखाद्या अनपेक्षित प्रश्नाला दिलेले ‘याचे उत्तर माझ्या माहितीतून निघत नाही, कारण…’ असे उत्तर अधिक प्रभावी ठरते. आत्मपरीक्षणात आपला निष्कर्ष किती भक्कम आहे, पुन्हा काम केले तर काय बदलू, वेळ कुठे चुकला, हे लिहायचे असते.

विद्यापीठे काय म्हणतात

विद्यापीठांचे धोरण एकसारखे नाही. ऑक्सफर्ड प्रवेशाच्या अटींत ईपीक्यूची श्रेणी घालत नाही, पण त्यातून आलेला अनुभव अर्जात मांडण्यास प्रोत्साहन देते. साउथॅम्प्टनसारखी काही विद्यापीठे ईपीक्यूत ‘ए’ श्रेणी मिळाल्यास ए-लेव्हलची अट एका श्रेणीने सौम्य करणारा पर्याय देतात. २०२६ च्या प्रवेशापासून यूकासने अर्जातील सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत. हा विषय का निवडला, आतापर्यंतच्या अभ्यासाने कोणती तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर कोणती तयारी केली, हे त्यांत विचारले जाते. पहिल्या दोन प्रश्नांची ठोस उत्तरे प्रकल्प केलेल्या विद्यार्थ्याकडे तयार असतात. वैयक्तिक मुलाखत घेणाऱ्या महाविद्यालयांत संभाषण अनेकदा याच कामावर येते.

व्यवस्थेत त्रुटीही आहेत. मार्गदर्शक शिक्षकाचा वेळ, समृद्ध ग्रंथालय आणि घरात शांत जागा सर्वांना सारखी मिळत नाही. ईपीक्यू न देणाऱ्या शाळाही आहेत, आणि म्हणूनच अनेक विद्यापीठे तिला सक्तीची अट करीत नाहीत. ए-लेव्हलच्या विषयांचा भार पेलवत नसताना ती घेणे शहाणपणाचे नाही, असे शिक्षकही सांगतात.

इतर देशांतील आणि महाराष्ट्रातील वाटा

ही कल्पना इंग्लंडपुरती नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी) पदविकेत ४,००० शब्दांचा ‘एक्स्टेंडेड एसे’ प्रत्येकाला बंधनकारक आहे. मार्गदर्शकाने तीन ते पाच तास द्यावेत, अशी अपेक्षा असते आणि शेवटी छोटी तोंडी परीक्षा होते. हा निबंध आणि ‘थिअरी ऑफ नॉलेज’ हा विषय मिळून ४५ पैकी जास्तीत जास्त ३ गुण देतात, पण दोहोंपैकी एकात ‘ई’ श्रेणी आल्यास पदविकाच मिळत नाही. अमेरिकेत ‘एपी रिसर्च’ या अभ्यासक्रमात ४,००० ते ५,००० शब्दांचा शोधनिबंध आणि त्याचे तोंडी समर्थन असते.

पुण्याजवळ पौड परिसरात १९९७ पासून चालणाऱ्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये आणि मुंबई-पुण्यातील अनेक आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये आयबी पदविका शिकवली जाते, त्यामुळे ‘एक्स्टेंडेड एसे’ लिहिणारे मराठी विद्यार्थीही दरवर्षी असतात. या सवयीची छोटी आवृत्ती महाराष्ट्राला परिचित आहे. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीचे विद्यार्थी कृती-संशोधन प्रकल्प करतात. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वयाची मुले आपल्या परिसरातील प्रश्नांवर काम करून येतात. चार वर्षांच्या नव्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह पदवी घेता येते. त्या वर्षी लागणारी तयारी अकरावी-बारावीपासूनच व्हायला हवी, आणि त्यासाठी परीक्षा मंडळाच्या प्रमाणपत्राची वाट पाहण्याची गरज नाही. गावातल्या विहिरींची पातळी, तालुक्याच्या बाजारातील भाव, ग्रामपंचायतीचे जुने दप्तर यांत प्रश्नांची कमतरता नाही. एक नेमका प्रश्न, एक नोंदवही, एक सवड देणारा शिक्षक आणि काही महिन्यांची चिकाटी एवढ्यावर हे काम सुरू करता येते. शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना ती सवड द्यावी.